सोसायटीच्या फळ्यावर अवकाशाचे दिनविशेष कसे लिहावेत

ठाण्यात वर्तकनगरजवळच्या आमच्या सोसायटीत तळमजल्यावर, टपालाच्या पेट्यांशेजारी एक काळा फळा आहे. पाणी बंद राहण्याची वेळ आणि वार्षिक सभेची सूचना त्यावर असतेच, पण त्याचा उजवीकडचा भाग गेली काही वर्षे मी खगोलशास्त्र आणि अवकाशप्रवास यांच्या दिनविशेषांसाठी वापरतो. शाळेच्या बससाठी थांबलेली मुले तो वाचतात. असा फळा आपल्याकडेही सुरू करावा, असे ज्यांना वाटते त्यांच्यासाठी माझी पद्धत येथे सविस्तर मांडतो.

पहिला निर्णय संख्येचा. रोज एक दिनविशेष लिहिण्याइतकी सामग्री सहज मिळते, परंतु रोज लिहिलेला मजकूर महिन्याभरात कोणी वाचेनासे होते. वर्षाला पंचवीस ते तीस दिवस पुरेत. निवडताना मी एवढेच पाहतो की त्या दिवशी माणसाने पहिल्यांदा नेमके काय केले किंवा काय पाहिले, हे पाचवीतल्या मुलाला चार ओळींत सांगता येते का. १२ एप्रिल १९६१ रोजी युरी गागारिन १०८ मिनिटांच्या प्रवासात पृथ्वीला एक प्रदक्षिणा घालून परतले, हे सांगता येते. २१ नोव्हेंबर १९६३ रोजी केरळमधील थुंबा येथून पहिला अग्निबाण सोडला गेला, १९ एप्रिल १९७५ रोजी ‘आर्यभट’ हा आपला पहिला उपग्रह सोव्हिएत रॉकेटवरून अवकाशात गेला आणि ३ एप्रिल १९८४ रोजी राकेश शर्मा सोयूझ यानातून निघाले, हेही सांगता येते. केवळ कोणा शास्त्रज्ञाची जन्मतारीख असेल आणि पुढे सांगण्यासारखे काही सुचत नसेल, तर तो दिवस सोडून द्यावा.

तारीख लिहिण्यापूर्वी ती कोणत्या घड्याळाची आहे, हे पाहणे हे या कामातले सर्वांत महत्त्वाचे पथ्य आहे. अवकाशमोहिमांच्या वेळा बहुधा जागतिक प्रमाणवेळेत नोंदवलेल्या असतात आणि आपली प्रमाणवेळ तिच्या साडेपाच तास पुढे आहे. स्पुटनिक या जगातल्या पहिल्या कृत्रिम उपग्रहाचे उड्डाण ४ ऑक्टोबर १९५७ रोजी जागतिक वेळेनुसार १९ वाजून २८ मिनिटांनी झाले. त्यात साडेपाच तास मिळवले की मध्यरात्र उलटून ५ ऑक्टोबरचे १२ वाजून ५८ मिनिटे होतात. अपोलो ११ चे यान चंद्रावर उतरले ती जागतिक वेळ २० जुलै १९६९ रोजीचे २० वाजून १७ मिनिटे ही होती, म्हणजे आपल्याकडे २१ जुलैची पहाटेपूर्वीची १ वाजून ४७ मिनिटे, आणि नील आर्मस्ट्राँग यांनी चंद्रावर पाऊल ठेवले तेव्हा ठाण्यातल्या घड्याळात सकाळचे ८ वाजून २६ मिनिटे झाली असणार. मी जगात रूढ असलेली तारीख ठेवतो आणि तिच्याखाली भारतीय वेळ स्वतंत्र ओळीत लिहितो. आजी-आजोबांनी ती बातमी कोणत्या वारी ऐकली असेल, हे मुलांना त्यामुळे घरी विचारता येते.

जुन्या तारखांची अडचण वेगळी आहे. ती समजावताना मी तिथी आणि तारीख यांचे उदाहरण देतो, कारण एकच जयंती तिथीप्रमाणे एका दिवशी आणि तारखेप्रमाणे दुसऱ्या दिवशी येते, हे आपल्याकडे लहान मुलांनाही ठाऊक असते. युरोपात १५८२ मध्ये कॅलेंडर दुरुस्त झाले, पण इंग्लंडने ती दुरुस्ती १७५२ पर्यंत स्वीकारली नव्हती. म्हणून न्यूटनचा जन्म तेव्हाच्या इंग्लंडच्या हिशेबाने २५ डिसेंबर १६४२ चा आणि आजच्या हिशेबाने ४ जानेवारी १६४३ चा आहे. दोन्ही बरोबर आहेत. कोणती वापरली ते लिहिले की झाले. १७८१ मधील युरेनसच्या किंवा १८४६ मधील नेपच्यूनच्या शोधाबाबत हा प्रश्न येत नाही.

याहून कठीण गोष्ट म्हणजे आपल्याला प्रिय असलेली कथा तपासणे. १८ ऑगस्ट १८६८ चे खग्रास सूर्यग्रहण भारतातून दिसले आणि त्या ग्रहणाचा हेलियम या वायूच्या शोधाशी संबंध आहे, हे खरे आहे. त्या दिवशी विजयदुर्गावर हेलियम दिन साजरा होतो आणि किल्ल्यावरचे ‘साहेबाचे ओटे’ आपल्यापैकी अनेकांनी पाहिलेले आहेत. इंग्रज खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकयर यांनी १८६८ मध्ये त्याच ओट्यांवरून हेलियम शोधला, असे मीही दोन वर्षे फळ्यावर लिहीत होतो. नंतर तारखा एकमेकींशी ताडून पाहिल्या तेव्हा चूक ध्यानात आली. १८६८ च्या ग्रहणाच्या वेळी लॉकयर भारतात नव्हते. सूर्याच्या प्रकाशातील, हेलियमची खूण असलेली पिवळी रेषा त्यांनी ऑक्टोबर १८६८ मध्ये, ग्रहण नसताना, इंग्लंडमधून पाहिली. ऑगस्टमध्ये ग्रहण पाहायला भारतात, आजच्या आंध्र प्रदेशातील गुंटूर येथे फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सेन होते. लॉकयर विजयदुर्गाला आले ते तीस वर्षांनी, २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठी. तेव्हापासून मी दोन दिनविशेष लिहितो : १८ ऑगस्टला गुंटूरचा आणि २२ जानेवारीला विजयदुर्गाचा. कोकणातल्या किल्ल्याचे महत्त्व त्यामुळे तिळमात्र कमी होत नाही, उलट सुटीत तेथे जाणाऱ्या मुलांना ओट्यापुढे उभे राहून खरी हकिगत सांगता येते. अशा पडताळणीसाठी केवळ मोबाइलवर आलेल्या संदेशांवर विसंबू नये. निदान दोन स्वतंत्र ठिकाणी तीच तारीख सापडावी, आणि जुन्या मराठी पुस्तकांसाठी १८९३ पासून ठाण्यात असलेल्या मराठी ग्रंथसंग्रहालयासारखी सोय हाताशी असताना ती जरूर वापरावी.

वर्षे मोजतानाही जपावे. पन्नासावे वर्ष लागणे वेगळे आणि पन्नास वर्षे पूर्ण होणे वेगळे. आर्यभटाला पन्नास वर्षे २०२५ मध्ये पूर्ण झाली. दूरच्या ग्रहांकडे गेलेल्या अमेरिकी यानांपैकी व्हॉयेजर २ ला ती २० ऑगस्ट २०२७ रोजी आणि व्हॉयेजर १ ला ५ सप्टेंबर २०२७ रोजी होतील. क्रमांकाने दुसरे असलेले यान आधी निघाले होते, हेही सांगावे.

शक्य तेथे दिनविशेषाला त्याच संध्याकाळच्या आकाशाची जोड द्यावी. ७ जानेवारी १६१० रोजी गॅलिलिओला गुरूजवळ तीन ठिपके दिसले आणि काही दिवसांत चौथा दिसला. तेच चार चंद्र आज साध्या द्विनेत्रीतून, ती गच्चीच्या कठड्यावर टेकवून धरली तर, घोडबंदर रस्त्याच्या दिव्यांच्या उजेडातही दिसतात. मात्र त्या वर्षी गुरू संध्याकाळी आकाशात आहे का, हे पंचांगात आधी पाहावे. मुले गच्चीवर गेली आणि गुरू पहाटे उगवणार असला, तर पुढच्या वेळी ती येत नाहीत.

पावसाळ्यात मात्र आकाशाचा भरवसा नाही, आणि चंद्राचे दोन मोठे दिवस नेमके पावसाळ्यातच येतात : २० जुलै आणि २३ ऑगस्ट. २३ ऑगस्ट २०२३ रोजी संध्याकाळी ६ वाजून ४ मिनिटांनी चंद्रयान ३ चा विक्रम लँडर उतरला आणि तो दिवस आता राष्ट्रीय अंतराळ दिन आहे. त्या दिवशी मी तळमजल्यावर एक मोठा सोललेला नारळ आणि एक छोटे लिंबू ठेवतो. एक सेंटीमीटर म्हणजे हजार किलोमीटर असे प्रमाण धरले की पृथ्वी जवळजवळ पावणेतेरा सेंटीमीटरांची होते, चंद्र साडेतीन सेंटीमीटरांचा, आणि दोघांमध्ये ३ मीटर ८४ सेंटीमीटर सुतळी ताणावी लागते. मुलांना अंतर आधी अंदाजाने दाखवायला सांगावे. बहुतेक जण लिंबू नारळापासून हातभर अंतरावर धरतात. मग सुतळी उलगडावी. ती लिफ्टच्या दारापासून टपालाच्या पेट्यांपर्यंत जाते. त्यानंतर शुभांशु शुक्ला जून २०२५ मध्ये ज्या अवकाश स्थानकावर गेले त्याची उंची दाखवावी. ती सुमारे ४०० किलोमीटर आहे, म्हणजे नारळाच्या वर फक्त चार मिलिमीटर. अपोलो ११ ने चंद्रापर्यंतचा प्रवास चार दिवसांत केला, तर चंद्रयान ३ ला चाळीस दिवस लागले, कारण आपले रॉकेट लहान होते आणि यानाची कक्षा टप्प्याटप्प्याने वाढवत न्यावी लागली. हे सुतळी समोर असताना चटकन समजते.

काही दिवस दुःखाचे आहेत आणि ते टाळू नयेत. १ फेब्रुवारी २००३ रोजी कोलंबिया यान परतीच्या वाटेवर वातावरणात तुटले आणि कल्पना चावला यांच्यासह सातही जण गेले. उड्डाणाच्या वेळी निखळलेला फेसाचा तुकडा डाव्या पंखावर आदळला होता, हे कारण साध्या शब्दांत लिहावे. त्या दिवशी चित्र काढू नये, रंगीत खडू वापरू नये. सातही नावे लिहावीत.

लिहिण्याबाबत थोडेसे. खडू पाण्यात भिजवून लिहिले तर अक्षर वाळल्यावर ठळक उठते. जूनपासून हवेतल्या ओलीने फळा दमट राहतो, तेव्हा मी कार्डशीटवर लिहून ती चिकटपट्टीने लावतो. शेवटचे म्हणजे, एक वही ठेवावी. प्रत्येक दिनविशेषाला एक पान द्यावे आणि त्यावर मूळ वेळ, भारतीय वेळ, पडताळणी कोठे केली, आणि त्या संध्याकाळी आकाश कसे होते याची नोंद करावी. माझ्या वहीत २३ ऑगस्टच्या पानावर दोन वर्षांच्या नोंदी सारख्याच आहेत : ढगाळ, नारळ आणि सुतळी वापरली.