निवडणूक शाखेत रुजू होताना

"निवडणूक अधिकारी व्हायचंय, कोणती परीक्षा देऊ?" हा प्रश्न मला सारखा येतो. या नावाची परीक्षाच नाही. आपल्याकडे निवडणुकीचा गाडा ओढतो तो मुख्यतः महसूल विभाग. एमपीएससीची राज्यसेवा देऊन तुम्ही नायब तहसीलदार, तहसीलदार किंवा उपजिल्हाधिकारी होता, आणि मग एखाद्या बदलीच्या यादीत तुमच्या पदनामापुढे कंसात 'निवडणूक' असं छापून येतं. माझ्या बाबतीत ते २०१९ च्या विधानसभेआधी झालं. आदेश वाचून आमचे अव्वल कारकून म्हणाले, "मॅडम, यंदा फराळ विकतचाच." मतमोजणी २४ ऑक्टोबरला होती आणि लक्ष्मीपूजन २७ ला. विकतचाच आणला.

पहिल्याच आठवड्यात एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा: आयोग दोन आहेत. लोकसभा-विधानसभा भारत निवडणूक आयोगाकडे. त्यांचे राज्यातले प्रमुख म्हणजे मुख्य निवडणूक अधिकारी, आणि जिल्ह्यात जिल्हाधिकारी. ग्रामपंचायतीपासून महापालिकेपर्यंतच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोगाकडे. ७३ व्या आणि ७४ व्या घटनादुरुस्तीनंतर, १९९४ मध्ये तो महाराष्ट्रात आला. टेबल तेच, तहसीलदार तेच, पण नियमांची फाईल वेगळी. एकाचं परिपत्रक दुसऱ्याच्या निवडणुकीत लावणारे मी पाहिलेत.

राज्य निवडणूक आयुक्तांची नेमणूक राज्यपाल करतात, पण त्यांना काढायचं तर उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाला काढण्याइतकाच खटाटोप करावा लागतो. नीला सत्यनारायण या महाराष्ट्रातल्या त्या पदावरच्या पहिल्या महिला. गोव्यात सरकारने कायदा सचिवांकडेच या पदाचा अतिरिक्त कार्यभार दिला होता. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठणकावलं की सरकारी नोकरीत असलेल्याला हे पद देता येणार नाही. मुलाखतीला जाणार असाल तर हा निकाल वाचून जा.

हे स्वातंत्र्य खालपर्यंत झिरपतं का? थोडंफार. अधिसूचनेपासून निकाल जाहीर होईपर्यंत निवडणुकीच्या कामावरचे आपण कायद्याने आयोगाकडे प्रतिनियुक्तीवर असतो. त्यामुळे एरवी "जरा बघा ना" म्हणून येणारे फोन त्या दिवसांत बरेच कमी होतात. त्याची किंमत म्हणजे बदली. स्वतःचा जिल्हा असेल किंवा चार वर्षांत तीन वर्षं एकाच जिल्ह्यात झाली असतील, तर निवडणुकीआधी तुम्ही हलणार हे धरूनच चाला. मुलांच्या शाळेचा विचार आधी करून ठेवा.

मतदार यादीचं काम बारमाही असतं, आणि खरी कसोटी तिथेच लागते. नमुना ६ म्हणजे नवीन नाव, ७ म्हणजे वगळणी, ८ म्हणजे दुरुस्ती किंवा स्थलांतर. सहाला घाबरू नका, साताला घाबरा. एका वाडीत नाव, नवऱ्याचं नाव आणि आडनाव सगळं सारखं असलेल्या दोन बायका होत्या. बीएलओने (केंद्राची यादी सांभाळणाऱ्या मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याने) 'दुबार' म्हणून शेरा मारला, मी फोटो न बघता वगळणीचं प्रकरण सहीसाठी पुढे पाठवलं. मतदानाच्या दिवशी दुसऱ्या बाई तीन किलोमीटर चालत केंद्रावर आल्या आणि तशाच परत गेल्या.

नामनिर्देशनाचे दिवस गमतीचे. उमेदवारासोबत आत फक्त चार माणसं, बाहेर गुलालाची पोती. दुपारी तीनच्या ठोक्याला दार बंद, आत असतील त्यांना चिठ्ठीवर नंबर. शपथपत्रात एकही रकाना कोरा राहू देऊ नका. काही नसेल तिथे 'निरंक' लिहिलेलं हवं. कोरा दिसला की उमेदवाराला लेखी कळवा आणि पोच घ्या, कारण छाननीच्या दिवशी "आम्हाला कुणी सांगितलंच नाही" हे वाक्य हमखास येतं.

आता माझी चूक. मतदान सातला सुरू व्हायचं असेल तर साडेपाचला उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर मॉक पोल, म्हणजे चाचणी मतदान होतं. किमान ५० मतं टाकायची, मग क्लोज, रिझल्ट, क्लिअर ही बटणं दाबून ती मोजून पुसायची, आणि व्हीव्हीपॅटमधल्या (मताची चिठ्ठी छापणाऱ्या यंत्रातल्या) चिठ्ठ्या काढून, शिक्के मारून काळ्या पाकिटात. एका केंद्राध्यक्षांनी, जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या गुरुजींनी, ५० मतं टाकली, चिठ्ठ्या मोजून दाखवल्या, प्रतिनिधी समाधानाने चहाला गेले, आणि तीनपैकी एकही बटण न दाबता खरं मतदान सुरू झालं. संध्याकाळी त्यांनी नमुना १७ क मध्ये, म्हणजे झालेल्या मतांच्या हिशेबात, रजिस्टरवरचा आकडा लिहिला. मोजणीच्या टेबलावर कंट्रोल युनिटचा (मतं साठवणाऱ्या मशीनचा) आकडा बरोबर ५० ने जास्त.

अशी मशीन बाजूला ठेवतात. विजयाचं अंतर अशा केंद्रांवरच्या मतांपेक्षा मोठं असेल तर तिला हात लावायची वेळ येत नाही. नसेल तर व्हीव्हीपॅटच्या चिठ्ठ्या मोजाव्या लागतात. आमच्याकडे अंतर मोठं होतं, निभावलं. पण टेबलाभोवतीची आरडाओरड पुढे कितीतरी दिवस कानात होती.

गुरुजींना नोटीस निघाली. तिचा मसुदा मीच केला, आणि लिहिताना हात जड झाला, कारण त्यांचं प्रशिक्षण मीच घेतलं होतं. चारशे माणसं, एक हॉल, बंद पडलेले पंखे, आणि पडद्यावर भराभर सरकणाऱ्या माझ्या स्लाइड. त्यांच्या हातात मशीन आलीच नव्हती.

आता मी बॅच लहान ठेवते आणि प्रत्येक केंद्राध्यक्षाला स्वतः बटणं दाबायला लावते. वेळ जातो, वरिष्ठ कुरकुरतात. शिवाय मतदानाच्या दिवशी पावणेसातला प्रत्येक क्षेत्रीय अधिकाऱ्याने (काही केंद्रांवर देखरेख करणाऱ्याने) आपल्या केंद्रांवर फोन करून एवढंच विचारायचं: "टोटलचं बटण दाबा. किती दिसतंय?" शून्य ऐकू आलं की पुढचं केंद्र.