मायक्रोफायबर टॉवेल आणि गाडीचा रंग: या चुका टाळा

काळ्या किंवा गडद निळ्या गाडीच्या बॉनेटवर रात्री मोबाइलचा टॉर्च धरा. उजेडाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक गोल ओरखडे दिसतात. त्यातले बहुतेक गाडी धुताना-पुसतानाच पडलेले असतात. महागडा मायक्रोफायबर वापरूनही ते पडतात, आणि मग लोक टॉवेलच्या कंपनीला दोष देतात. खरा दोष बहुतेक वेळा टॉवेलमध्ये अडकलेल्या मातीचा, कपड्यांच्या पावडरीचा आणि चुकीच्या धुण्याचा असतो.

गाडीच्या रंगावर सगळ्यात वर पारदर्शक थर असतो, त्याला क्लिअर कोट म्हणतात. नव्या गाडीवर तो साधारण ३५ ते ५० मायक्रॉन जाडीचा, म्हणजे माणसाच्या केसापेक्षाही पातळ. रस्त्याच्या धुळीत क्वार्ट्‌झचे, म्हणजे वाळूचे कण असतात आणि ते या थरापेक्षा कितीतरी कठीण असतात. मायक्रोफायबर हा पॉलिएस्टर आणि पॉलिअमाइड यांचा धागा. प्रमाण सहसा ८०:२० किंवा ७०:३०. तयार करताना हा धागा उभा चिरलेला असतो, त्यामुळे त्याला असंख्य बारीक फटी पडतात. पाणी, तेल आणि धूळ त्या फटींत धरली जाते. टॉवेलचा उपयोग या पकडीमुळेच होतो आणि धोकाही तिच्यामुळेच. एकदा पकडलेला खडा टॉवेल सहजासहजी सोडत नाही, तो पुढच्या पॅनेलवर घेऊन जातो.

कोरड्या धुळीवर टॉवेल फिरवणं

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. सोसायट्यांमध्ये रोज सकाळी गाडी पुसून घ्यायची पद्धत आहे. अर्धी बादली पाणी, एक फडकं आणि ओळीने आठ-दहा गाड्या. पाचव्या गाडीपर्यंत त्या पाण्यात पहिल्या चार गाड्यांची माती उतरलेली असते. पुसणाऱ्याचा यात दोष नाही, त्याला दिलेलं सामान आणि वेळच तेवढा असतो. तुमच्या गाडीसाठी स्वतःचे चार-पाच टॉवेल आणि वेगळी बादली द्या आणि रोज बाहेरून पुसण्याऐवजी आठवड्यातून एकदा नीट धुवायला सांगा. रोज फक्त काचा, आरसे आणि नंबर प्लेट पुसली तरी पुरतं. धुळीने मळलेली गाडी आठवडाभर तशीच उभी राहिली तर रंगाचं काही बिघडत नाही. पक्ष्यांची विष्ठा, झाडाचा चीक आणि मेलेले किडे मात्र त्याच दिवशी काढावेत. त्यासाठी ओला टॉवेल त्या जागेवर दोन-तीन मिनिटं ठेवून द्या, डाग मऊ पडला की न घासता उचला.

पार्किंगमध्ये नळी चालत नसेल तर रिन्सलेस वॉशचं द्रावण वापरा. यात धुतल्यावर गाडीवर पाणी ओतावं लागत नाही. अशी बरीच द्रावणं १:२५६ या प्रमाणात मिसळतात, म्हणजे १० लिटर पाण्याला साधारण ४० मिली. बाटलीवर वेगळं प्रमाण असेल तर तेच धरा. बादलीत सात-आठ टॉवेल भिजत टाका. त्याच द्रावणाची फवारणी आधी पॅनेलवर करा आणि मिनिटभर थांबा, म्हणजे माती ओली होऊन सुटते. मग एक टॉवेल हलका पिळून चार घड्यांत दुमडा, वजन न देता सरळ रेषेत फिरवा. प्रत्येक पॅनेलला नवी बाजू. वापरलेला टॉवेल परत बादलीत बुडवायचा नाही, बाजूला टाकायचा.

पावसाळ्यात चिखल उडालेली गाडी असेल तर ही पद्धतही आधी चालणार नाही. कोकणातली किंवा गोव्यातली तांबडी माती दरवाजांच्या खालच्या पट्ट्यात आणि चाकांच्या कमानीत घट्ट बसते. ती आधी पाण्याच्या जोरानेच काढावी लागते.

एकच बाजू, एकच टॉवेल

४० बाय ४० सेंटीमीटरचा टॉवेल दोनदा दुमडला की आठ स्वच्छ बाजू मिळतात. गोळा करून धरला तर कुठली बाजू मळली हे कळतच नाही, शिवाय बोटांचा दाब काही ठिकाणीच पडतो. पुसायचं छतापासून खाली. बम्पर आणि दरवाजांचा खालचा भाग सगळ्यात शेवटी आणि वेगळ्या टॉवेलने. चाकांचा टॉवेल रंगाला कधीही लावू नका, कारण ब्रेकच्या धुळीत लोखंडाचे कण असतात आणि ते धुऊनही पूर्ण निघत नाहीत. टॉवेलचे रंग ठरवून टाका: उदाहरणार्थ रंगाला निळे, काचांना हिरवे, चाकांना आणि इंजिनाला काळे. घरातल्या सगळ्यांना ते माहीत असलं पाहिजे.

टॉवेल जमिनीवर पडला तर झटकून परत वापरायचा नाही. त्याला लागलेला खडा डोळ्यांना दिसत नाही आणि झटकून पडत नाही. तो थेट धुण्यात जातो.

पाणी टिपताना घासू नका. ५०० ते ६०० जीएसएमचा (एका चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन) जाड टॉवेल किंवा पिळदार लूपचा मोठा टॉवेल पॅनेलवर पसरा आणि एका टोकाला धरून हळूच ओढून घ्या. पूर्ण कोरडा टॉवेल सुरुवातीला पाणी पटकन ओढत नाही, म्हणून किंचित ओलसर करून घेतलेला बरा. वॅक्स किंवा पॉलिश काढायला ३०० ते ४०० जीएसएम पुरतो. काचेला लांब लव असलेला टॉवेल नको, चट्टे राहतात.

नवा टॉवेल तसाच वापरणं

नव्या टॉवेलवर सुटे धागे, जास्तीचा रंग आणि कारखान्यातलं फिनिशिंग असतं. पहिल्या वापराआधी एकदा धुवाच. गडद लाल आणि काळे टॉवेल पहिल्यांदा वेगळे धुवा. कडेचं लेबल उसवून काढा. ते नायलॉनचं असेल तर रंगावर सरळ ओरखडा ओढतं. कडेची शिवण कडक लागत असेल तर तो टॉवेल दरवाजाच्या खाचांसाठी ठेवा.

धुण्यातल्या चुका

टॉवेल खराब होतो तो जास्त करून इथे.

पहिली चूक म्हणजे फॅब्रिक सॉफ्टनर. त्यातला तेलकट, मेणासारखा पदार्थ धाग्यांच्या फटींवर बसतो. मग टॉवेल हाताला मऊ लागतो पण पाणी शोषत नाही आणि काचेवर चट्टे सोडतो. मशीनच्या कप्प्यात आधीच्या धुण्याचा सॉफ्टनर राहिलेला असतो, म्हणून तो कप्पा आधी धुऊन घ्या. ब्लीचही नको, क्लोरीनमुळे पॉलिअमाइडचा धागा कमजोर होतो.

दुसरी चूक कपड्यांची पावडर. बऱ्याच पावडरींत पाण्यात न विरघळणारे घटक असतात, आणि बोअरच्या जड, थंड पाण्यात उरलेली पावडरही नीट विरघळत नाही. तिचे कण धाग्यात बसतात आणि वाळल्यावर टॉवेल खरखरीत लागतो. साबणाची वडी तर अजिबात लावू नका. जड पाण्यातल्या क्षारांशी मिळून तिचा चिकट साका तयार होतो. रंग आणि सुगंध कमी असलेलं लिक्विड डिटर्जंट घ्या.

तिसरी चूक टॉवेल सुती कपड्यांबरोबर टाकणं. बनियन, चादरी, पंचे यांचा कापूस मायक्रोफायबरला चिकटतो आणि पुढच्या वेळी गाडीवर उतरतो. टॉवेल फक्त टॉवेलांबरोबर, तेही मळाप्रमाणे वेगळे: आधी रंगाचे आणि काचेचे, मग आतल्या भागाचे, शेवटी चाकांचे. चाकांचे टॉवेल मशीनमध्ये नकोतच, त्यांना वेगळी बादली.

मशीनमध्ये ३० ते ४० अंशांचं पाणी, ड्रम फार तर दोन-तृतीयांश भरलेला, नेहमीच्या कपड्यांना लागतं त्याच्या निम्मं लिक्विड आणि एक जास्तीची खळबळणी. शेवटच्या पाण्यात फेस दिसला तर अजून एकदा खळबळा.

हाताने धुणार असाल तर आधी साध्या पाण्यात बुडवून, हलवून मोकळी माती काढून टाका. मग दहा टॉवेलांना १० लिटर कोमट पाणी आणि १५ ते २० मिली लिक्विड. अर्धा तास भिजवा, पाण्यातच चोळा, तीन वेळा स्वच्छ पाण्यातून काढा. धुण्याच्या दगडावर आपटायचं नाही आणि ब्रशने घासायचं नाही. दगडावरची बारीक वाळू धाग्यात शिरते आणि ब्रशने लव उपटली जाते. जोरात पिरगळण्याऐवजी दाबून पाणी काढा.

पॉलिशचे आणि वॅक्सचे टॉवेल त्याच दिवशी भिजत टाका. वाळलेलं पॉलिश खडबडीत कण बनून आत राहतं. तेलकट टॉवेलांना बादलीत दोन थेंब भांड्यांचं लिक्विड चालतं, मशीनमध्ये मात्र त्याचा फेस आवरत नाही.

वाळवताना

ड्रायर असेल तर सगळ्यात कमी तापमान. पॉलिएस्टर साधारण ७० ते ८० अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतो. बारीक धाग्यांची टोकं त्या तापमानाला वाकतात, एकमेकांना चिकटतात आणि थंड झाल्यावर तशीच कडक राहतात. असा टॉवेल कितीही धुतला तरी पूर्ववत होत नाही. म्हणून इस्त्रीही नको.

दोरीवर वाळवणं उत्तम, पण सावलीत आणि धूळ उडत नाही अशा जागी. गच्चीवर भर दुपारी टॉवेल तासन्‌तास ठेवला तर उन्हाने धागा कडक होतो आणि वाऱ्याबरोबर आलेले वाळक्या पानांचे तुकडे त्यात गुंततात. पावसाळ्यात घरात पंख्याखाली, एकावर एक न घालता. वाळलेले टॉवेल दोनदा झटकून झाकणाच्या डब्यात ठेवा. डिक्कीत जॅक आणि स्टेपनीशेजारी मोकळा पडलेला टॉवेल रंगाला लावायच्या लायकीचा राहत नाही.

बिघाड ओळखा

टॉवेल पाणी शोषत नाही: वर पाण्याचा थेंब टाका. तो मोत्यासारखा तसाच राहिला तर सॉफ्टनर किंवा वॅक्स बसलंय. ५० अंशांच्या पाण्यात लिक्विड टाकून तासभर भिजवा, धुवा आणि शेवटच्या पाण्यात, १० लिटरला १०० मिली पांढरा व्हिनेगर घाला. पाच मिनिटांनी साध्या पाण्यातून काढा. व्हिनेगर ब्लीचच्या जवळही येऊ देऊ नका, विषारी वायू सुटतो.

टॉवेल कडक झाला: जड पाण्याचे क्षार असतील तर व्हिनेगरने मऊ होतो. दोन धुण्यांनंतरही कडकच राहिला तर तो उष्णतेने गेला आहे.

कुबट वास येतो: ओला टॉवेल गोळा करून ठेवल्याचा परिणाम. वरच्यासारखंच ५० अंशांत भिजवा आणि त्याच दिवशी पूर्ण वाळवा.

गाडीवर तंतू राहतात: सुती कपड्यांचा कापूस आहे की टॉवेलचाच धागा सुटतोय ते बघा. एक तंतू काढून चिमट्यात धरा आणि काडीने जाळा. सुती तंतू जळून राख होते, पॉलिएस्टर वितळून गोळी बनते. टॉवेलचाच धागा तीन-चार धुण्यांनंतरही सुटत असेल तर त्याची प्रत हलकी आहे.

काचेवर चट्टे येतात: निम्म्या वेळा द्रावण जास्त झालेलं असतं. एक टॉवेल पसरवायला आणि दुसरा कोरडा शेवटच्या हाताला, असे दोन वापरा.

टॉवेलने ओरखडा पडतो अशी शंका आली तर बॉनेटवर प्रयोग करू नका. जुन्या सीडीच्या चमकत्या बाजूवर तो ओलसर करून हलकाच दहा वेळा फिरवा आणि टॉर्चखाली बघा. सीडी रंगापेक्षा नाजूक असते, त्यामुळे एखादी पुसट रेघ आली तर घाबरू नका. खोल, ठळक रेघ आली तर टॉवेल उलटा करून उजेडात लव विस्कटून बघा. बहुतेक वेळा त्यात काडी, खडा किंवा वाळलेल्या पॉलिशची कपची सापडते.

कुठला टॉवेल कुठे जाईल

रंगाचा टॉवेल कडक झाला, त्यावर न जाणारा डाग पडला किंवा लव गुंतून गोळ्या झाल्या की तो आतल्या डॅशबोर्डला आणि पायदानांना. तिथून चाकांना, मग चेन आणि इंजिनाला, आणि शेवटी कचऱ्यात. उलटा प्रवास कधीच नाही. कितीही स्वच्छ धुतलेला दिसला तरी चाकाचा टॉवेल रंगाकडे परत येत नाही.

एक टॉवेल मात्र या साखळीत येतच नाही. सिरॅमिक कोटिंग, म्हणजे रंगाच्या रक्षणासाठी लावतात तो कडक होणारा थर, पुसलेला टॉवेल. कोटिंग काही तासांत धाग्यातच काचेसारखं कडक होतं आणि कुठल्याही धुण्याने निघत नाही. काम संपलं की तो लगेच पाण्यात बुडवा, म्हणजे चुकून दुसऱ्यांच्या ढिगात जाऊन वाळणार नाही, आणि मग थेट फेकून द्या.