गावातून चालणाऱ्या ऑनलाइन दुकानासाठी सुरक्षा प्रमाणपत्र आणि पेमेंट सेवेची निवड

वायगावच्या हळदीला आणि भिवापूरच्या मिरचीला भौगोलिक मानांकन असल्याने पुण्या-मुंबईचा ग्राहक माल नावाने ओळखतो. मात्र विक्री करणारा बचत गट त्याच्या ओळखीचा नसतो, म्हणून त्याचे पैसे सुरक्षित राहतील याची व्यवस्था गटानेच आधी केली पाहिजे.

सुरक्षा प्रमाणपत्रामुळे ग्राहक आणि दुकानाचे संकेतस्थळ यांच्यातली माहिती सांकेतिक रूपात (एन्क्रिप्शन) जाते, पण त्यावर पैसे खर्च करण्याची गरज बहुतेकांना नाही. लेट्स एनक्रिप्ट या संस्थेचे मोफत प्रमाणपत्र महागड्या प्रमाणपत्राइतकेच भक्कम एन्क्रिप्शन देते. संस्थेची कागदपत्रे तपासून दिलेल्या महाग प्रमाणपत्राचे वेगळे चिन्ह क्रोमने २०१९ मध्ये पत्त्याच्या पट्टीतून काढून टाकल्यामुळे सामान्य ग्राहकाला तो फरक दिसतही नाही. मोफत प्रमाणपत्राची मुदत साधारणपणे ९० दिवसांची असते आणि ती संपताच ग्राहकाला दुकानाऐवजी धोक्याची सूचना दिसते. त्यामुळे होस्टिंग, म्हणजे संकेतस्थळ इंटरनेटवर ठेवण्याची सेवा, घेतानाच नूतनीकरण आपोआप होते का, हे विचारून घ्यावे.

खरा विचार पेमेंट सेवेचा, म्हणजे ग्राहकाचे ऑनलाइन पैसे स्वीकारून आपल्या खात्यात जमा करणाऱ्या कंपनीचा करावा. रेझरपे, पेयू, कॅशफ्री यांपैकी कोणतीही सेवा पाहताना पहिला प्रश्न असा, की नोंदणीकृत कंपनी नसलेल्या गटाचे खाते ती उघडते का आणि त्यासाठी कोणाचे पॅन कार्ड लागते. एका सदस्याच्या वैयक्तिक खात्यात सगळ्यांचे पैसे जमा करण्याची सोय कितीही सोपी वाटली, तरी ती टाळावी, कारण पुढे हिशेबावरून गटातच तंटे होतात. दुसरा प्रश्न शुल्काचा. कार्डावर २ टक्के दर धरला, तर ३०० रुपयांच्या हळदीमागे ६ रुपये जातात. यूपीआयवरील एमडीआर (व्यवहारामागे दुकानदाराकडून घेतले जाणारे शुल्क) १ जानेवारी २०२० पासून शून्य आहे, तरी सेवा देणारी कंपनी स्वतःचे वेगळे शुल्क लावते का, हे करारात वाचावे. पैसे बँकेत किती दिवसांनी जमा होतात, हेही पाहावे. हंगामात माल उचलायला रोकड लागते.

कार्डाचा क्रमांक आपल्या पानावर घेऊच नये. ग्राहकाला पेमेंट सेवेच्या पानावर पाठवावे. १ ऑक्टोबर २०२२ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार दुकानदाराला कार्डाचा तपशील साठवून ठेवता येत नाही.

पैसे भरताना ग्राहकाचे नेटवर्क मध्येच गेले, की त्याचे पैसे कापले जातात आणि ऑर्डर मात्र दुकानात नोंदली जात नाही, असे घडू शकते. त्यासाठी पेमेंट सेवा यशस्वी व्यवहाराची खबर थेट दुकानाच्या सर्व्हरला पाठवेल, अशी वेबहूकची जोडणी करून घ्यावी. ग्राहकाने व्हॉट्सॲपवर पाठवलेला स्क्रीनशॉट बनावट असू शकतो. पेमेंट सेवेच्या डॅशबोर्डवर, म्हणजे आपले व्यवहार दाखवणाऱ्या पानावर, रक्कम दिसल्याशिवाय पार्सल पोस्टात नेऊ नये.

दुकान सुरू करण्यापूर्वी गटातल्या एखाद्या ताईच्या फोनवरून लहान रकमेची ऑर्डर द्यावी, ती रद्द करून परतावा मिळतो का ते पाहावे आणि दोन्ही नोंदी पासबुकाशी ताडून घ्याव्यात.