व्हिडिओवरून जनावर तपासायला शिकताना

परभणी-उदगीरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयांत शिकणाऱ्यांच्या आणि नुकतेच दवाखान्यात रुजू झालेल्यांच्या मोबाइलवर उपचारांचे व्हिडिओ भरपूर असतात. तरी पाहिलेले हातात उतरत नाही. सुरुवातीलाच डॉक्टर रोगाचे नाव सांगतात आणि मग आपल्याला तीच लक्षणे दिसायला लागतात. म्हणून पहिल्यांदा पाहताना आवाज बंद करा, शीर्षकही झाका.

डोळ्यांना दिसते तेवढेच आधी वहीत लिहा: उभे राहण्याची ढब, मान, कान, पोटाचा आकार, शेण, लाळ. मग मोजा. शांत उभ्या मोठ्या गाईचे श्वास मिनिटाला साधारण १५ ते ३० असतात. डाव्या भकाळीवर (बरगड्यांमागच्या खळग्यावर) नजर ठेवली तर निरोगी गाईत दोन मिनिटांत कोठीपोटाच्या दोन-तीन लाटा उठतात. चित्रण मध्येच कापलेले किंवा वेग वाढवलेले असेल तर असे आकडे धरू नका.

त्यानंतर तीन शक्यता लिहा आणि प्रत्येकीपुढे ती खोडायला काय तपासाल तेही लिहा. लाळ गाळणारी, गिळता न येणारी म्हैस घ्या. घशात काही अडकले असेल, लाळ्या खुरकूत असेल किंवा रेबीज असेल. आता आवाज सुरू करा. घोगरे, सारखे हंबरणे ऐकू आले तर रेबीजचा संशय बळावतो. पण ते ऐकू आले नाही म्हणून रेबीज खोडता येत नाही. व्हिडिओतल्या डॉक्टरांनी तोंडात हात घातला म्हणून आपणही उघडा हात घालायचा नाही, इथे चूक जिवावर बेतते. हृदयाचे ठोके असलेला व्हिडिओ इअरफोन लावूनच ऐका, कारण मोबाइलच्या स्पीकरमधून खालच्या पट्टीचे आवाज जवळजवळ येतच नाहीत.

लंगडणे शिकायला व्हिडिओसारखे साधन नाही. वेग पाव करा आणि आधी डोके पाहा. पुढचा पाय दुखत असेल तर तो टेकताना बैल डोके वर उचलतो आणि चांगला पाय टेकताना खाली आणतो. पुष्कळ जण डोके खाली जाते तोच पाय दुखरा समजतात आणि भलताच खूर तासत बसतात.

कृतीचा व्हिडिओ तीनदा पाहा: एकदा फक्त डॉक्टरांचा मोकळा हात, एकदा फक्त सुई, एकदा फक्त जनावर. मग मोबाइल बाजूला ठेवून पायऱ्या आठवून लिहा. जिथे अडाल तिथे तुम्ही पाहिलेच नव्हते. मायांग (गर्भाशय किंवा योनीचा भाग) बाहेर आलेल्या गाईला शेपटीच्या मुळाशी भूल देण्याची कृती अशी शिकता येते. शेपूट वरखाली हलवली की बोटाखाली मणक्यांमधली उघडझाप करणारी पहिली ठळक खाच लागते. केस काढून जागा स्वच्छ करायची. हा भाग व्हिडिओत बहुधा कापलेला असतो, प्रत्यक्षात मात्र टाळायचा नाही. १८ गेजची दीड इंची सुई मधोमध घालून तिच्या तोंडाशी औषधाचा थेंब ठेवायचा. थेंब आत ओढला गेला आणि औषध जोर न लावता गेले म्हणजे जागा बरोबर. जोर लागत असेल तर टोक हाडात किंवा मणक्यांमधल्या गादीत रुतले आहे, सुई किंचित मागे घ्या. ४०० किलोच्या देवणी गाईला २ टक्के लिग्नोकेन ४ ते ५ मिली पुरते. जास्त दिले तर औषध पुढे सरकून मागच्या पायांच्या नसांपर्यंत पोहोचते आणि गाय बसते. खाच कशी लागते हे मात्र पडद्यावर कळणार नाही. त्यासाठी खोड्यात बांधलेल्या दहा-बारा गाईंच्या शेपट्या चाचपाव्या लागतात. सुई शिक्षकांसमोरच धरा.

मात्रा व्हिडिओतून कधीही ‘मिली’मध्ये उचलू नका. झायलाझिन हे गुंगीचे औषध २० आणि १०० मिलिग्रॅम प्रति मिली अशा दोन्ही ताकदींत मिळते, आणि गाईला घोड्याच्या साधारण दहावा हिस्साच लागतो. घोड्याच्या व्हिडिओतला आकडा बैलाला दिला तर बैल जिवानिशी जाऊ शकतो. बाटलीवरची ताकद वाचा, वजनाने गुणा. जुन्या व्हिडिओत डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक दिसेल. ते दिलेली मेलेली जनावरे खाऊन गिधाडे मरू लागल्याने भारतात २००६ पासून ते जनावरांसाठी बंद आहे, आणि २०२३ मध्ये किटोप्रोफेन व ॲसिक्लोफिनॅकवरही बंदी आली.

स्वतः चित्रण करताना मोबाइल आडवा धरा, तीनेक मीटर लांब उभे राहा आणि जनावर कडक, सपाट जागेवर आठ-दहा पावले चालवा. भेगाळलेल्या काळ्या रानात निरोगी बैलही अडखळतो. बाजूने, समोरून, मागून असे तीन तुकडे, प्रत्येकी अर्धा मिनिट, न कापता घ्या. मालकाची परवानगी घ्या, कानातल्या बिल्ल्याचा १२ अंकी क्रमांक दिसू देऊ नका. व्हॉट्सॲपवर शिक्षकांना पाठवताना ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, नाहीतर चित्र दाबले जाते आणि श्वासाची हालचाल पुसट होते. सोबत वय, वेत, ताप आणि शेवटचे शेण कधी टाकले ते लिहा. शिक्षकांचे उत्तर यायच्या आत तुमच्या तीन शक्यता वहीत लिहिलेल्या असू द्या.