कथेतले संवाद कसे लिहावेत: निवेदन वेगळं, बोलणं वेगळं

मराठी कथेत दोन भाषा शेजारी शेजारी चालतात, निवेदकाची आणि पात्रांची. त्यांची सरमिसळ झाली की चांगला प्रसंगही कच्चा वाटतो. म्हणून पुढच्या गोष्टी पहिल्या खर्ड्याआधीच ठरवून एका कागदावर लिहून ठेवा.

१. निवेदन ‘केले’ की ‘केलं’?

पात्रांच्या तोंडी ‘असं’, ‘केलं’ अशी उच्चाराप्रमाणे रूपं लिहायला मराठी साहित्य महामंडळाच्या शुद्धलेखनाच्या १८ नियमांनीच मोकळीक दिली आहे. प्रश्न उरतो निवेदनाचा. ‘मी’ सांगत असेल तर ‘केलं’ जास्त शोभतं. त्रयस्थ निवेदनात दोन्ही चालतात, पण पहिल्या पानावर निवडलेलं रूप शेवटच्या पानापर्यंत टिकायला हवं.

मध्येच विचार बदलला, तर संगणकावर सगळे ‘ले’ एकदम बदलू नका. ‘त्याने काम केले’चं ‘केलं’ होतं, पण ‘त्याने आंबे खाल्ले’ हे पुल्लिंगी अनेकवचन आहे, तिथे ‘खाल्लं’ चूक. नामांचंही तसंच: ‘झाडे’चं ‘झाडं’ होतं, ‘डोळे’ मात्र ‘डोळे’च राहतात. एकेक जागा वाचूनच बदला.

२. अवतरणचिन्हं

बोललेल्याला दुहेरी, मनातल्या विचाराला एकेरी. वक्ता बदलला की नवा परिच्छेद.

शरद म्हणाला, “उद्या येतो.”
“उद्या येतो,” शरद म्हणाला.
“येतोस का?” तिने विचारलं.

प्रश्नचिन्हानंतर स्वल्पविराम नको. ‘असं’ जोडलं तरीही नको: “उद्या येतो” असं शरद म्हणाला.

३. ‘की’नंतरचा ‘मी’ जपा

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. ‘शरद म्हणाला, की तो उद्या येईल’ या वाक्यातला ‘तो’ कोण? मराठी वाचकाला आधी तिसराच माणूस दिसतो. आपण बोलताना मूळ बोलणाऱ्याचा ‘मी’ तसाच ठेवतो: ‘शरद म्हणाला, की मी उद्या येतो.’ त्याहून घरगुती: ‘उद्या येतो म्हणाला शरद.’ पानभर संवादानंतर असं एखादं वाक्य आलं की निवेदन मोकळा श्वास घेतं. मात्र ‘की’ आणि अवतरणचिन्हं एकत्र वापरू नका. दोन्हींचं काम एकच आहे.

४. बोलण्याची क्रियापदं

‘तो म्हणाला’, पण ‘त्याने म्हटलं’. ‘तिने विचारलं, सांगितलं’, पण ‘ती ओरडली, कुजबुजली’. ‘म्हणाला’ कितीही वेळा आला तरी वाचकाला टोचत नाही. प्रत्येक ओळीला ‘उद्गारला’, ‘वदला’, ‘उत्तरला’ मात्र टोचतं. हसणं म्हणजे बोलणं नव्हे, म्हणून “ये ना,” ती हसली, असं न जोडता पूर्णविराम द्या: “ये ना.” ती हसली.

५. कोण कोणाला काय म्हणतं

प्रत्येक जोडीसाठी एक ओळ लिहा: सून सासूला ‘अहो आई’, मुलगा वडिलांना ‘अहो बाबा’ की ‘ए बाबा’, शेजारीण ‘तू’ की ‘तुम्ही’. ‘तुम्ही’वरून ‘तू’वर येणं ही कथेतली घटना असते. ती नजरचुकीने तिसऱ्या पानावर घडली, तर दहाव्या पानावरचा खरा क्षण वाया जातो.

६. बोली

बोली खरी वाटायला प्रत्येक शब्द मोडावा लागत नाही. तीन-चार लकबी निवडा आणि त्या त्या पात्राच्या तोंडी शेवटपर्यंत ठेवा. वऱ्हाडी माणूस ‘पानी’ आणि ‘डोया’ (डोळा) म्हणत असेल, तर पुढे त्याच्याच तोंडी ‘पाणी’ येऊ नये. कोल्हापूरकडची बाई ‘मी आलो’ म्हणते, हे मुद्रितशोधकाला आधीच कळवा, नाहीतर तो प्रामाणिकपणे ‘आले’ करून टाकेल. ती बोली घरात बोलणाऱ्या कुणाकडून संवाद मोठ्याने वाचून घ्या. जिथे तो अडखळेल तिथे वाक्य तपासा.

७. काळ

आठवण सुरू होताना पहिल्या एक-दोन वाक्यांत ‘गेला होता’, ‘म्हणाली होती’ पुरे. नंतर साध्या भूतकाळावर या, नाहीतर ‘होता’ची रांग लागते. आठवण संपताना पुन्हा एकदा ‘होता’ घ्या, आणि वर्तमान प्रसंग नव्या परिच्छेदात, पात्राच्या नावाने सुरू करा.