लहान मुलांना घेऊन गाडीने लांबचा प्रवास : नागपूरहून निघताना या चुका टाळा

दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात आम्ही चिखलदऱ्याला निघालो, तेव्हा मुलगी १४ महिन्यांची आणि मुलगा ४ वर्षांचा होता. सकाळी ६ वाजता निघायचे ठरले होते. प्रत्यक्षात डबे, दुपटी, बॅगा आणि आजीची पूजा आटोपून गाडी फाटकाबाहेर पडली तेव्हा साडेदहा वाजले होते. कोंढाळीपर्यंत मुलगी घामाने भिजली, तळेगावला तिने दूध नाकारले, आणि तिवसा आले तेव्हा सकाळी बांधलेला डायपर अजून कोरडाच असल्याचे पत्नीच्या लक्षात आले. अमरावतीत बालरोगतज्ज्ञांकडे दोन तास थांबून घोटघोट ओआरएस पाजल्यानंतर ती सावरली. रस्ता उत्तम होता आणि गाडीतही काही बिघाड नव्हता. आम्ही अंतर मोजून प्रवास आखला होता. मुलांची झोप, भूक आणि शहराचे ऊन यांचा हिशेब त्यात कुठेच नव्हता.

ऊन आणि निघण्याची वेळ

नागपूरचा पारा मे महिन्यात ४५ अंशांच्या आसपास जातो, आणि शाळांच्या सुट्ट्यांमुळे बहुतेक कुटुंबे नेमकी याच दिवसांत बाहेर पडतात. सुट्टी बदलता येत नसली तरी निघण्याची वेळ आपल्या हातात असते. पहाटे ५ वाजता निघाल्यास चिखलदऱ्याच्या सुमारे २३० किलोमीटरपैकी बराचसा रस्ता ऊन चढण्यापूर्वी मागे पडतो आणि मुले पहिले दोन तास झोपेतच असतात. त्यासाठी सामान आदल्या रात्रीच गाडीत ठेवावे आणि सकाळी फक्त मुलांना उचलून घ्यावे. बाळ रात्रभर झोपेल म्हणून मध्यरात्री निघण्याचा सल्ला अनेक जण देतात, पण मला तो पटत नाही. दिवसभर काम करून चाकामागे बसलेल्या माणसाला पहाटे तीन-चारच्या सुमारास येणारी झोप धोकादायक असते, आणि समृद्धी महामार्गासारख्या सरळ, एकसुरी रस्त्यावर, जिथे सपाट भागात कारला ताशी १२० किलोमीटरची मर्यादा आहे, एका क्षणाची डुलकीही महागात पडते.

उन्हात उभ्या असलेल्या गाडीचे तापमान पहिल्या दहा मिनिटांतच सुमारे १० अंशांनी वाढते आणि लहान मुलाचे शरीर मोठ्यांपेक्षा तीन ते पाच पट वेगाने तापते. त्यामुळे ‘दोन मिनिटांत पाणी घेऊन येतो’ म्हणून झोपलेल्या बाळाला गाडीत ठेवणे ही सर्वांत गंभीर चूक आहे. काच थोडी उघडी ठेवल्याने फारसा फरक पडत नाही. थांब्यानंतर गाडीत बसण्यापूर्वी चारही दारे उघडून गरम हवा बाहेर जाऊ द्यावी आणि सीटच्या पट्ट्याचे धातूचे बक्कल हाताने तपासावे, कारण त्याचा चटका बाळाच्या मांडीला बसतो. ऊन लागू नये म्हणून बाळाच्या सीटवर चारी बाजूंनी दुपट्टा पांघरण्याची पद्धत आपल्याकडे फार आहे; त्याने आत हवा खेळत नाही आणि बाळ अधिकच तापते. पडदा खिडकीला लावावा, बाळाला सुती आणि सैल कपडे घालावेत.

मांडीवरचे बाळ

ही चूक प्रेमातून होते, म्हणून ती सुटायला सर्वांत अवघड जाते. आजीच्या मांडीइतकी सुरक्षित जागा दुसरी नाही असे घरात सर्वांनाच वाटते. मात्र ताशी ५० किलोमीटर वेगाने धडक बसली तर १० किलोच्या बाळाचा भार धरणाऱ्या हातांवर क्षणभर दोनशे किलोंच्या घरात जातो, आणि तो कोणाच्याही हातांना पेलत नाही. बाळ पुढच्या सीटवर मांडीवर असेल तर एअरबॅग उघडण्याचा धोका वेगळाच. २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात घातलेल्या कलम १९४ ब नुसार १४ वर्षांखालील मुलाला पट्टा किंवा बालआसन (गाडीच्या सीटवर बसवायची मुलांची खास खुर्ची, म्हणजे चाइल्ड सीट) नसल्यास १००० रुपये दंड आहे. परंतु दंड नसता तरी आसन घ्यायलाच हवे होते.

किमान दोन वर्षांपर्यंत, आणि आसनाच्या वजन-उंचीच्या मर्यादेत बसत असेल तर त्यानंतरही, मुलाचे तोंड गाडीच्या मागच्या बाजूला असावे. असे आसन मागच्याच सीटवर बसवावे. चालू एअरबॅग असलेल्या पुढच्या सीटवर ते कधीही ठेवू नये. आसन घेतल्यानंतरही ते ढिले बसवण्याची चूक हमखास होते. पट्टा जिथून जातो तिथे धरून हलवल्यावर आसन अडीच सेंटिमीटरपेक्षा जास्त सरकत असेल, तर ते पुन्हा बसवावे. मुलाच्या खांद्यावरचा पट्टा चिमटीत धरता येत असेल, तर तोही ढिला आहे.

मूल पट्ट्यात रडू लागले की ‘थोडा वेळ सोडू या’ असे वाटते. आम्ही एकदा तसे केले आणि पुढचे दोन दिवस मुलगी आसनात बसायलाच तयार होईना. गाडी थांबवावी, डायपर, भूक आणि घाम पाहावा, दहा मिनिटे कडेवर घ्यावे आणि पट्टा लावूनच पुढे निघावे. प्रवासाच्या आधीचा आठवडाभर संध्याकाळी अंबाझरी किंवा फुटाळा तलावापर्यंत चक्कर मारून त्या आसनाची सवय करावी. पहिला मोठा प्रवास म्हणून थेट पुणे किंवा पचमढी निवडण्यापेक्षा सुमारे ५० किलोमीटरवरचे रामटेक आणि खिंडसी तलाव निवडणे शहाणपणाचे. मूल कितपत टिकते ते तिथे कळते, आणि जमले नाही तर दुपारपूर्वी घरी परतता येते.

दूध, खाणे आणि घाट

गरम दूध थर्मासमध्ये भरून नेऊ नये. कोमट दुधात जंतू झपाट्याने वाढतात. पावडरचे दूध असेल तर गरम पाणी थर्मासमध्ये आणि मोजलेली पावडर कोरड्या डब्यांत वेगळी ठेवावी, दूध ऐन वेळी करून पाजण्याइतके निवू द्यावे, आणि उरलेले टाकून द्यावे. सहा महिन्यांखालील बाळाला उन्हाळ्यातही वरचे पाणी लागत नाही. त्याला अधिक वेळा अंगावर पाजावे, अर्थात गाडी थांबवून. मोठ्या मुलांसाठी मऊ भात, केळी, लाह्या, घरचा थेपला पुरतो. फुटाणे आणि शेंगदाणे चालत्या गाडीत चार-पाच वर्षांखालील मुलांना देऊ नयेत, कारण एका धक्क्याने दाणा श्वासनलिकेत जाऊ शकतो.

गाडी लागण्याचा त्रास साधारण दोन वर्षांनंतर सुरू होतो. परतवाडा सोडल्यावर घाट लागतो आणि नेमके त्याआधी मुलाला पोटभर दूध पाजले जाते. घाटापूर्वी अर्धा तास थांबावे, हलके काही द्यावे, मोबाइल काढून घ्यावा आणि मुलाला समोर दूरवर बघायला सांगावे. मूल शांत झोपावे म्हणून सर्दीचे औषध देण्याचा प्रकार मी आपल्या माणसांत पाहिला आहे. तो पूर्णपणे बंद व्हायला हवा. उलटीचे औषधही वजनानुसार डॉक्टरांनी ठरवलेलेच द्यावे.

थांबे आणि अडचणी

दर दीड-दोन तासांनी थांबून बाळाला आसनाबाहेर काढावे. तान्ह्या बाळासाठी हे अंतर आणखी कमी ठेवावे. शू लागली म्हणून द्रुतगती मार्गाच्या कडेला गाडी उभी करणे जिवावर बेतू शकते. समृद्धीवर बाहेर पडण्याच्या वाटा दूरदूर असल्याने शू लागण्याची वाट न पाहता प्रत्येक सोयीच्या ठिकाणी मुलांना नेऊन आणावे.

सहा तास लघवी नाही, जीभ कोरडी, रडताना अश्रू नाहीत किंवा टाळू खोल गेली असेल, तर पुढचा प्रवास थांबवून डॉक्टर गाठावेत. ओआरएसची मोठी पुडी एक लिटर पाण्यातच मिसळावी. अर्ध्या पेल्यात अर्धी पुडी हा अंदाज घातक ठरतो. अंग भाजल्यासारखे गरम, मूल मलूल किंवा झटके येत असतील, तर सावलीत घेऊन कपडे काढावेत, अंगावर पाणी टाकून वारा घालावा आणि १०८ ला फोन करावा. अर्धवट शुद्धीतल्या मुलाच्या तोंडात पाणी घालू नये. मूल आत आणि किल्लीही आत राहिली, तर मेकॅनिकची वाट न पाहता ११२ ला फोन करावा, आणि मूल घामेजून सुस्तावत असेल तर त्याच्यापासून सर्वांत दूरची काच लगेच फोडावी.

परतीच्या प्रवासाची आखणी बहुतेक जण करतच नाहीत. मोठी माणसे दमलेली असतात, दुसऱ्या दिवशी कार्यालय असते, आणि भर दुपारी निघून एका दमात नागपूर गाठण्याचा हट्ट धरला जातो. आम्ही आता अमरावतीला नातेवाइकांकडे मुक्काम करतो आणि पहाटे निघून आठच्या सुमारास घरी पोहोचतो.