६१७४ पासून सुरुवात: प्रोग्रामिंगची छोटी कोडी कशी सोडवावी आणि दुसऱ्यांची उत्तरं कशी वाचावी

पहिलं कोडं असं निवडा, ज्याचं उत्तर वहीत ताडून बघता येतं. कोकणातल्यांसाठी असं एक कोडं घरचंच आहे. डहाणूत १९०५ साली जन्मलेले आणि देवळालीला शाळामास्तर असलेले द. रा. कापरेकर यांनी १९४९ मध्ये ते मांडलं. चार अंकी संख्या घ्या; चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लिहा, खाली चढत्या क्रमाने लिहा, वजाबाकी करा. आलेल्या उत्तरावर पुन्हा तेच. जास्तीत जास्त सात फेऱ्यांत ६१७४ येतं आणि मग तिथेच राहतं.

आता प्रश्न: १००० ते ९९९९ मधल्या किती संख्यांना पुऱ्या सात फेऱ्या लागतात?

आधी वही. ३५२४ घेतली तर ५४३२ − २३४५ = ३०८७, मग ८७३० − ०३७८ = ८३५२, मग ८५३२ − २३५८ = ६१७४. तीन फेऱ्या. प्रोग्रामही आधी याच एका संख्येसाठी लिहा आणि उत्तर तीन आलं तरच लूपमध्ये, म्हणजे तेच काम एकामागून एक संख्यांवर करणाऱ्या भागात, घाला. थेट नऊ हजार संख्यांवर सोडलेला प्रोग्राम चुकला, तर नेमकं कुठे बिनसलं हे शोधण्यात संध्याकाळ जाते.

इथे हमखास पाय घसरतो तो शून्यावर. १००० − ०००१ = ९९९. प्रोग्रामला तीनच अंक दिसतात, तो ९९९ मधून ९९९ वजा करतो आणि पुढे जन्मभर शून्यावर फिरत बसतो. प्रत्येक फेरीत चार अंक पुरे करायलाच हवेत: ०९९९, मग ८९९१, ८०८२, ८५३२, ६१७४, म्हणजे पाच फेऱ्या. पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेत संख्येची स्ट्रिंग, म्हणजे अक्षरांची ओळ, करा आणि डावीकडे शून्यं भरणाऱ्या झेडफिलला ४ द्या. अंक क्रमाने लावणारं सॉर्टेड तुम्हाला लिस्ट, म्हणजे सुट्या अंकांची यादी, देतं, स्ट्रिंग नाही. जॉइनने जोडल्याशिवाय त्याची संख्या होत नाही. फेऱ्या फिरवणाऱ्या व्हाइल लूपला दहा फेऱ्यांची मर्यादा घाला, म्हणजे चूक असली तरी प्रोग्राम अडकून पडणार नाही.

ताळा असा: ११११ सारख्या ९ संख्या वगळून ८९९१ उरतात. शून्य ते सात फेऱ्यांच्या गटांची बेरीज तेवढीच भरली पाहिजे. शून्याच्या गटात एकटी ६१७४. सातच्या गटात १९८०.

उत्तर जुळलं की मगच दुसऱ्यांचं उघडा. अडलात तर आधी पाऊण तास झगडा, मग फक्त एक इशारा शोधा. वाचताना स्वतःला एकच प्रश्न विचारा: आपण केलेलं कोणतं काम या माणसाने केलंच नाही? या कोड्यात त्याचं उत्तर फार सुंदर आहे. उतरत्या क्रमातले अंक क, ख, ग, घ धरले तर वजाबाकी नेहमी ९९९ × (क − घ) + ९० × (ख − ग) एवढीच येते. ३५२४ वर बघा: २९९७ + ९० = ३०८७. म्हणजे ८९९१ संख्यांमधून पहिल्या फेरीनंतर फक्त ५४ वेगळी उत्तरं उरतात. तेवढ्यांच्या फेऱ्या मोजून ठेवल्या की बाकी सगळ्या आपोआप कळतात. एकट्या ६१७४ ला तेवढं वेगळं धरावं लागतं.

असं काही सापडलं की फाइल बंद करा आणि दुसऱ्या दिवशी न बघता स्वतःच्या नावांनी पुन्हा लिहा. तिथे अडलात तर तेवढाच भाग समजलेला नाही, हे पक्कं. एका ओळीत कोंबलेली उत्तरं बघून थक्क व्हायला हरकत नाही, पण शिकायला ती वाईट. आणि नऊ हजार संख्यांना वेग लागतच नाही, सरळ लिहा.

पुढची कोडी कुठे? २००१ पासून चालू असलेल्या प्रोजेक्ट ऑयलर या कोड्यांच्या वेबसाइटवर बरोबर उत्तर दिलं की त्या कोड्याची चर्चा खुली होते. तिथली पहिली शंभर सोडून बाकीची उत्तरं बाहेर कुठे टाकू नका, तसा त्यांचा नियम आहे. अ‍ॅडव्हेंट ऑफ कोड ही रोज एक कोडं देणारी वेबसाइट; ते डिसेंबरात असतं. नवं कोडं आपल्याकडे सकाळी साडेदहाला येतं. दुसरा भाग पहिला सुटल्यावरच दिसतो, म्हणून सुरुवातीपासून फंक्शनं, म्हणजे पुन्हा वापरता येतील असे छोटे तुकडे, पाडून लिहा. पावसाळ्यात लाइट आणि नेटवर्क दोन्हींचा भरवसा नसतो, तेव्हा कोडं आणि इनपुट, म्हणजे कोड्याबरोबर मिळणारी माहिती, आधीच उतरवून ठेवा. फोनवर पायड्रॉइड ३ हे अ‍ॅप असेल तर नेट नसतानाही पायथन चालतं.

स्वतः कोडं रचायचं तर हापूसच्या पेट्या घ्या. पेट्या ४, ५ आणि ६ डझनांच्या. ऑर्डर पेटी न फोडता भरायची. मोठी पेटी आधी उचलत गेलात तर १३ डझनांना ६ + ६ होऊन एक डझन लोंबकळतो, खरं तर ४ + ४ + ५ जमतं. ७ डझन काही केल्या जमत नाहीत. १७ डझनांच्या दोनच रीती: ४ + ४ + ४ + ५ आणि ५ + ६ + ६. तुमचा प्रोग्राम ७ रीती सांगत असेल, तर तो पेट्यांचा क्रम बदलला की नवी रीत धरतोय. बाहेरचा लूप पेटीच्या मापांवर आणि आतला डझनांवर चालवा, दोन येतील.